पहिलं सोडून चार शीलं

विश्रांतवाडीत आळंदी रस्त्याच्या आतल्या अंगाला, पिठाच्या गिरणीसमोर, एक लहानसा विहार आहे. दर रविवारी सकाळी नऊला तिथे वंदना होते, आणि गेली सहा वर्षं तिथलं पंचशील चारच शिलांचं आहे. बुद्ध, धम्म, संघाला शरण जाणारं त्रिसरण संपलं की पहिलं शील, म्हणजे कुठल्याही जिवाची हत्या करणार नाही ही प्रतिज्ञा, वगळून मंडळी थेट दुसऱ्यावर जातात. चोरी करणार नाही, व्यभिचार करणार नाही, खोटं बोलणार नाही, दारूला शिवणार नाही. झालं. एखादा पाहुणा आलेला असला तर तो सवयीने पहिलं म्हणायला तोंड उघडतो आणि एकटाच पडतो. मग शेजारचा कुणीतरी त्याच्या कानाशी लागतो, "कारण आहे. मागाहून सांगतो." मागाहून चहा येतो आणि कारण राहून जातं.

ते कारण म्हणजे पोपटराव.

पोपटरावांच्या वडिलांनी छप्पन साली धम्म घेतला आणि सत्तावन्नात पोपटराव जन्मले. घरात जन्मापासून बौद्ध असलेला पहिला माणूस मी, हे ते कुणालाही, न विचारता, सांगत. चौतीस वर्षं खडकीला दारूगोळ्याच्या कारखान्यात फिटर होते. आठवडाभर तोफगोळ्यांना टोपणं बसवायची आणि रविवारी पांढरे कपडे घालून लोकांना हत्या न करण्याची प्रतिज्ञा द्यायची, यावर मित्रांनी त्यांची भरपूर थट्टा करून झाली होती. पोपटरावांचं उत्तर तयार असे. "गोळा मी सोडत नाही. मी टोपण बसवतो." या उत्तरावर ते स्वतः कधी हसले नाहीत, यावरून ते त्यांना पुरेसं पटलेलं नसावं.

ते बौद्धाचार्य होते. भिक्खू नव्हेत, बायकापोरांचा संसारी माणूस; पण शिबिर करून, परीक्षा देऊन लग्न, नामकरण आणि अंत्यविधी चालवायला शिकलेला. त्यांनी किती लग्नं लावली याची मोजदाद कुणी ठेवली नाही, पण आळंदी रस्त्याने चालत निघाले की दर चौकात एखादं जोडपं हात जोडायचं. एक नियम त्यांनी आयुष्यभर पाळला. लग्नाला एखाद वेळ नाही म्हणतील, मयताला कधी नाही म्हणाले नाहीत. ऊन असो, ताप असो, मेलेल्या माणसाशी त्यांचं भांडण असो, निरोप आला की पांढरा सदरा चढवून निघायचे.

थोरल्या लेकीचं, निकिताचं, लग्नही त्यांनीच लावलं. बायको मुक्ताई म्हणाली होती, "बापाने लेकीचं लावू नये. मध्येच रडाल आणि शोभा होईल." पोपटराव रडले नाहीत. नवरा मुलगा शुभंकर समोर उभा होता, कुरिअर कंपनीत सुपरवायझर, येरवड्याच्या सुंदराबाईंचा एकुलता एक. पोपटराव एकेक ओळ म्हणायचे आणि तो मागून उचलायचा. काय स्वच्छ आवाज होता पोराचा! नवरे मुलगे एरवी पुटपुटतात, हा खणखणीत म्हणत होता. मुक्ताईला पोपटरावांनी रात्री सांगितलं, "पोरगं मनापासून म्हणतं." चार वर्षांनी नात झाली. तिचं नाव प्रियदर्शनी, तेही त्यांनीच ठेवलं.

दोन हजार सोळाच्या फेब्रुवारीत बिबवेवाडीच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये शुभंकरने निकिताचा ओढणीने गळा आवळला. संशय, दुसरं काही नाही. प्रियदर्शनी उठून बाहेर आली, तिने पाहिलं, म्हणून तिचाही. चार वर्षांचं पोर. मग त्याने हात धुतले, दार ओढून घेतलं, कामावर गेला, शिफ्ट पुरी केली, आणि संध्याकाळी सासऱ्याला फोन करून रडला की घरात चोर शिरले होते.

पोपटरावांनी त्याला पोटाशी धरलं. हे ते विसरू शकले नाहीत. लेकीच्या आणि नातीच्या सरणापाशी स्वतः पंचशील दिलं, तेव्हा शुभंकर त्यांच्या उजव्या हाताला उभा होता आणि पाचही शीलं त्याच खणखणीत आवाजात म्हणाला होता. पहिलंसुद्धा. एक अक्षर चुकला नाही. तिसऱ्या दिवशी पोलिसांनी त्याला उचललं.

मुक्ताई वर्षभरात खंगून गेली. पोपटराव कोर्टाच्या तारखांना जाऊ लागले. तारीख पडायची, पुढे जायची, हे घरी यायचे. धाकटी दीक्षा खराडीला आयटीत होती, ती सुट्टी काढून सोबत यायची. त्या तीन वर्षांतही रविवारी पोपटराव पाचही शीलं देत होते. न्याय कोर्ट करील, आपण आपलं काम करावं, असं म्हणत होते.

दोन हजार एकोणीसमध्ये निकाल लागला. दुर्मिळातली दुर्मिळ घटना म्हणून फाशी. कोर्टाबाहेर वाहिन्यांचे माईक तोंडाशी आले, पोपटराव म्हणाले, "समाधान झालं." गल्लीत फटाके वाजले. विहाराचे सेक्रेटरी बाबुराव पेढ्यांचा खोका घेऊन दारात आले. पोपटरावांनी एक पेढा खाल्ला, मग दुसरा मागून घेतला. दीक्षाने ते पाहिलं.

त्या रविवारी विहारात पोपटराव माईकसमोर बसले. समोर साठ-सत्तर माणसं हात जोडून. त्रिसरण झालं. पहिल्या शिलासाठी त्यांनी श्वास घेतला आणि तो तसाच छातीत राहिला. माणसं वाट पाहत होती. मग पोपटरावांनी दुसरं शील म्हटलं, आणि माणसांनी मुकाट्याने दुसरं उचललं.

घरी आल्यावर दीक्षाने विचारलं, "पप्पा, पहिलं विसरलात?"

"साठ वर्षं म्हणतोय. विसरेन कसा?"

"मग?"

"मला त्याचा जीव हवाय. रोज सकाळी उठलो की पहिलं तेच मनात येतं. असं असताना हत्या करणार नाही म्हणायचं, तर ते खोटं झालं. म्हणजे चौथं मोडलं. एक सोडलं, तर चार तरी खरी राहतात."

"फाशी तुम्ही थोडीच देणार आहात?"

"हो ना," पोपटराव म्हणाले. "मी फक्त टोपण बसवणार."

दीक्षा म्हणाली, "मेलेला तर मलाही हवाच आहे तो, पप्पा. पण तुम्ही असे नकोय मला."

इतका सरळ हिशेब होता त्या माणसाचा. विहारातली बाकीची मंडळी ती तीन वर्षं पाचही शीलं म्हणून बाहेर पडत आणि पायरीवर चपला घालता घालता शुभंकरला कसा लटकवायला हवा याची चर्चा करत. त्यांना काही अडचण येत नव्हती. अडचण आली ती या एकाला, कारण हा जे म्हणायचा ते खरंच म्हणायचा.

पहिले काही रविवार लोकांनी दयेने खपवून घेतलं. लेकीच्या दुःखात आहेत, सावरतील. पण बाबुराव हे वाया जाऊ देणारे गृहस्थ नव्हते. महापालिकेची निवडणूक कधी ना कधी लागणारच होती. त्यांनी कमिटी भरवली, ठराव केला, आणि गिरणीच्या भिंतीवर भलामोठा फ्लेक्स लागला: निकिताला न्याय मिळेपर्यंत चारच शीलं! कोपऱ्यात निकिता आणि प्रियदर्शनीचा फोटो, टपाल तिकिटाएवढा. मध्यभागी बाबुराव, हात जोडून, दारापेक्षा उंच. एका वर्तमानपत्राने बातमीही केली. पोपटराव कमिटीला म्हणाले, "अहो, हे माझं आहे. तुम्ही कशाला?" बाबुराव म्हणाले, "तुमचं ते आमचं." खरं सांगायचं तर पोपटरावांना तेव्हा थोडं बरंही वाटलं. एकट्याची लाज सगळ्यांनी वाटून घेतली की ती लाज वाटेनाशी होते.

हायकोर्टाने फाशी कायम केली. पुन्हा पेढे आले. प्रकरण दिल्लीला गेलं आणि तिथे पडून राहिलं. फ्लेक्स उन्हाने पांढरा पडला, काढला गेला. चार शीलं मात्र राहिली, अंगवळणीच पडली. विहारात जी पोरं या वर्षांत बोलायला लागली, ती चारच शिकली.

मागच्या डिसेंबरात एका दुपारी पोपटरावांच्या दारात सुंदराबाई उभ्या राहिल्या. शुभंकरची आई. नऊ वर्षांत दोघांची नजरानजरही झाली नव्हती. बाई वाळून गेल्या होत्या, पायऱ्या चढून धापा टाकत होत्या. पोपटरावांनी आत या म्हटलं नाही. दीक्षा घरून काम करत होती, तिने उठून पाण्याचा तांब्या दिला.

"दादा, पाच मिन्टं," सुंदराबाई म्हणाल्या.

"बोला."

"वकीलसायबांनी कागुद दिलाय. दिल्लीच्या कोर्टात लावायचा. पोरीच्या बापानं फाशी नको म्हणून लिवलं तर त्ये बघत्यात म्हनं."

पोपटराव हसले. त्यांचं ते हसणं दीक्षाला आवडलं नाही. "विहीणबाई," ते म्हणाले, आणि तो शब्द त्यांनी मुद्दाम लांबवला, "पत्ता चुकलात. इथे फाशीचे पेढे वाटतात."

"सोडा म्हनत न्हाई मी त्याला. माफ करा बी म्हनत न्हाई. कसं म्हनू? माझी बी नात हुती ती." बाईंनी चौकट धरली. "माझी किडनी गेलीया. डॉक्टर म्हनला वरीस काढाल. फकस्त मी मरस्तवर थांबा म्हनते. मी गेल्यावर काय करायचं त्ये करा. म्या त्याला मेलेला बघू नये, येवढंच."

"माझ्या मुक्ताईने पाहिलं ना?" पोपटराव म्हणाले. "दोघींना पाहिलं. तिच्यासाठी कोण थांबलं होतं?"

सुंदराबाईंनी पिशवीतून कागद काढला, चपलांच्या रॅकवर ठेवला, आणि भिंतीला धरून जिना उतरल्या. शेवटच्या पायरीवरून म्हणाल्या, "लगीन तुमीच लावलं हुतं, दादा." पोपटरावांनी दार लावलं. कागद दीक्षाने उचलून टीव्हीखालच्या कप्प्यात टाकला. फाडला नाही.

सुंदराबाईंनी वर्ष काढलं नाही. मार्चमध्ये येरवड्याहून फोन आला. शेजारची बाई होती. म्हणाली, म्हातारी सकाळी गेली, इकडचे दोन बौद्धाचार्य नाही म्हणाले, खुन्याच्या आईच्या मातीला कोण येणार, आता तुम्हीच काय ते सांगा. आपण कुणाला फोन करतोय हे त्या बाईला ठाऊक नसावं. बाबुरावांना कळलं तसे ते धावत आले. "पोपटराव, जायचं नाही हां. लोक काय म्हणतील?"

"मयताला मी नाही म्हणत नाही," पोपटराव म्हणाले, आणि सदरा चढवला. खरं कारण त्यांनी सांगितलं नाही, ते त्यांचं त्यांनाही पुरतं कळलेलं नव्हतं. आपण कबूल झालो नाही तरी ती लेकाला मेलेला न बघताच सुटली, तिला हवं ते मिळालं, याचा रागही त्यात होता.

स्मशानभूमीच्या फाटकाशी पोलिसांची गाडी पाहिली तेव्हा ते थबकले. कोर्टाने दोन तासांची परवानगी दिली होती. शुभंकर सरणापाशी उभा होता, हातात बेडी, दोन बाजूंना दोन शिपाई. केस पांढरे झाले होते, मान खाली. पोपटरावांच्या मनात आलं, परत फिरावं. पण पन्नास-एक माणसं त्यांच्याकडे पाहत होती आणि सरणावर ती म्हातारी उघड्या तोंडाने पडली होती. त्यांनी मेणबत्ती लावली, अगरबत्ती लावली, त्रिसरण म्हटलं, आणि सहा वर्षांच्या सवयीने दुसऱ्या शिलावर गेले.

"पहिलं राहिलं की," गर्दीतून एक म्हातारी म्हणाली. सुंदराबाईंची शेजारीण असावी. तिला फ्लेक्स, ठराव, काही ठाऊक नव्हतं. "आवो, पहिल्यापासनं घ्या. मेलेल्या मानसापुढं अर्धवट म्हनू ने."

विश्रांतवाडीत सहा वर्षांत एकानेही त्यांना असं टोकलं नव्हतं. पोपटरावांचे कान तापले. त्यांना वाटलं, घ्यावं एकदाचं, ही आपली माणसं नाहीत, इथे खोटं बोललं तर कुणाला कळतंय. त्यांनी डोळे मिटले आणि पहिलं शील म्हटलं. पन्नास माणसांनी ते उचललं. पोपटरावांचा कान मात्र एकाच आवाजावर होता. तो खणखणीत आवाज. तो आला की आपण काय करू, हे त्यांना माहीत नव्हतं. जळतं लाकूड उचलून घालू डोक्यात, इतपत ठरलं होतं.

आवाज आला नाही. त्यांनी डोळे उघडले. शुभंकर हात जोडून उभा होता आणि त्याचे ओठ घट्ट मिटलेले होते. पोपटरावांनी दुसरं शील म्हटलं आणि तो म्हणू लागला. तिसरं म्हणाला. चौथं म्हणाला. पाचवं म्हणाला. बायकोपोरीच्या सरणापाशी न चाचरता पाचही म्हणणारा माणूस आता चार म्हणत होता. पहिलं सोडून.

पोपटरावांच्या ध्यानात आलं. त्या पन्नास जणांत पहिलं शील तोंडाला न लावणारी माणसं दोनच होती. एक हा, आणि म्हातारीने टोकेपर्यंत आपण. सहा वर्षं आपण विहारात जे म्हणत होतो, लोकांकडून म्हणवून घेत होतो, पोरांना शिकवत होतो, ते याचं पंचशील होतं. त्याच्याकडे ते न म्हणण्याचं कारण होतं, आपल्याकडेही होतं. दोघांची कारणं शेजारी शेजारी ठेवून पाहिली आणि त्यांना शिसारी आली. त्याची आली त्याहून स्वतःची जास्त आली.

शिपाई म्हणाला, "चला, वेळ झाली." शुभंकरने वळताना पोपटरावांकडे पाहिलं नाही. बरं केलं.

घरी येऊन त्यांनी टीव्हीखालचा कप्पा उघडला. वकिलाने टाईप केलेला मजकूर वाचला. त्यात क्षमा होती, करुणा होती, उदात्त अंतःकरण होतं. पोपटरावांनी तो कागद उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूला आपल्या हाताने लिहिलं:

"मी मयत निकिताचा बाप आणि मयत प्रियदर्शनीचा आजोबा. शुभंकरला मी माफ केलेलं नाही, करणारही नाही. तो तुरुंगातच मरावा. पण त्याला फाशी देऊ नये. फाशीची शिक्षा ऐकली त्या दिवशी मी दोन पेढे खाल्ले, त्याची चव अजून तोंडात आहे. तो लटकला तर मी पुन्हा पेढे खाईन. माणूस मेल्याचा आनंद होणारा माणूस म्हणून मला मरायचं नाही. हा अर्ज त्याच्यासाठी नाही, माझ्यासाठी आहे. ज्या बाईने मागितला होता ती आज सकाळी वारली. उशीर झाला."

दीक्षाने वाचलं. "पप्पा, शुअर?"

"नाही," पोपटराव म्हणाले. "पोस्टात टाक. उद्यापर्यंत थांबलीस तर मी फाडेन."

चौथं शील पाळणारा माणूस गप्प कसा बसणार? रविवारी वंदनेआधी त्यांनी बाबुरावांना स्वतःच सांगितलं की मी अर्ज केला, आजपासून पाचही घेऊ. बाबुराव आधी हसले, मग त्यांचा चेहरा उतरला. निवडणूक आता खरोखरच तोंडावर आली होती.

"खुन्याला वाचवायला निघालात?"

"वाचवायला नाही. फाशीपासून..."

"पोरीला विकलीत तुम्ही, असं म्हणतील लोक. आपण म्हणत नाही, लोक म्हणतील." बाबुरावांनी आवाज खाली आणला. "आणि एक सांगतो, राग मानू नका. निकिता आता तुमची एकट्याची राहिलेली नाही. समाजाची आहे. ठराव कमिटीचा आहे, तुमच्या मनात आलं म्हणून फिरत नसतो. तुम्ही आज जरा मागे बसा. विश्रांती घ्या."

माईकसमोर बाबुराव बसले. पोपटराव मागे, चपलांच्या ढिगापाशी, भिंतीला टेकून बसले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी विहारात लोकांच्या पाठी पाहिल्या. त्यातल्या निम्म्या माणसांची लग्नं त्यांनी लावली होती. एकानेही मागे वळून पाहिलं नाही.

त्रिसरण संपलं. बाबुरावांनी श्वास घेतला. पोपटरावांनी त्या मधल्या क्षणात पहिलं शील म्हटलं, मोठ्याने, जसं वयाच्या चौथ्या वर्षी बापाने शिकवलं होतं तसं. आवाज चिरकला. कुणी उचललं नाही. पुढच्या रांगेत कुणीतरी खाकरलं.

त्यांच्या शेजारी, आईच्या पदराला धरून, एक मुलगी बसली होती. असेल चार-पाच वर्षांची. तिने हात जोडलेलेच ठेवून त्यांच्याकडे पाहिलं. म्हातारा चुकला याचं तिला वाईट वाटलेलं दिसत होतं.

"आजोबा," ती हळूच म्हणाली, "ते नाही म्हणायचं. ते नसतं आपल्यात."

तोवर पुढे बाबुराव चोरीवर पोचले होते.